वरचा पापुद्रा

हिरासिस्टर माणसाला तळहात कधी लावत नसे. ताप बघायचा असो, सूज बघायची असो, की नुसती पाठीवरून माया करायची असो, ती हात उलटा करायची आणि बोटांची मागची बाजू टेकवायची. नवा पेशंट गोंधळून जायचा. ही बाई आपल्याला विटाळ मानते की काय, अशा नजरेनं बघायचा. मीही तसंच बघितलं होतं. मी फटकळ, मनात ठेवायची सवय नाही, म्हणून सरळ विचारलं. तेव्हा तिनं दोन्ही तळवे माझ्या नाकासमोर धरले. आयुष्यभर स्पिरिट, साबण आणि घरची भांडी यांनी राठ झालेले तळवे. "ह्यांना काय कळतंय गं? म्हशीची पाठ बरी. मागची कातडी पातळ असती, तिला खरं कळतं," असं म्हणून तिनं उलटा हात माझ्या कपाळाला टेकवला आणि डॉक्टरांना ओरडून सांगितलं, "सर, हिला ताप हाय."

शिरूरच्या एका लहानशा खाजगी दवाखान्यात ती नर्स होती आणि भाजलेल्या माणसांची ड्रेसिंगं तिच्याकडे असायची. मूळची कवठे येमाईची. वडिलांची मेंढरं होती, तिच्या लहानपणी सगळा संसार मेंढरांमागं फिरायचा. पुढं विहीर झाली, शेती झाली, मेंढरं गेली. लग्न दौंडकडं झालं. नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी तिला 'जा' म्हटलं नाही आणि 'राहा' असंही म्हटलं नाही. मग ती नर्सिंग शिकली, नोकरीला लागली आणि म्हाताऱ्या आईला घेऊन शिरूरला दोन खोल्यांत राहू लागली. भाऊ किसनआप्पा गावी शेती बघायचा आणि महिन्याला येऊन बहिणीला बाजरी, कांदे पोचवून जायचा.

माझी तिची गाठ पडली ती गुळामुळं. वडगाव रासाईला आमचं गुऱ्हाळ आहे. काहील म्हणजे माणूस आडवा झोपेल एवढी मोठी कढई, तिच्यात उसाचा रस आटवतात आणि पाक झाला की ती कलती करून ओततात. त्या दिवशी घरी पाहुणे आलेले, त्यांच्यासाठी काकवी आणायला मी चरवी घेऊन गेले ती नेमकी काहील उतरवायच्या वेळेला. उत्तर प्रदेशातले कामगार ओरडले, "भाभी, हटो, हटो!" हटायला जागा कुठं होती? पाक उसळला आणि माझ्या डाव्या खांद्यापासून मनगटापर्यंत बसला. उकळतं पाणी निदान वाहून तरी जातं. पाक अंगाला धरून बसतो आणि भाजतच राहतो. सासूबाई धावत आल्या, "अगं माझी बाय, अगं माझी बाय" म्हणत त्यांनी तो चिकटलेला गूळ दोन्ही हातांनी ओरबाडून काढला. आमच्याकडे सगळे असंच करतात. गुळाबरोबर माझ्या दंडाची कातडी झंपरच्या बाहीसारखी निघून आली.

दवाखान्यात हिरासिस्टरनं तो हात बघितला तेव्हा तिचा चेहरा हलला नाही. मी ओठ दाबून बसले होते. "ओरड की," ती म्हणाली. "दाबून धरलंस तर हात आखडून धरशील आन् मला त्रास देशील. ओरड." मी ओरडले. बाजूला सासूबाई स्वतःचं थोबाड झोडून घेत होत्या. हिरासिस्टरनं काम थांबवलं नाही, पण वर न बघता त्यांना म्हणाली, "मावशी, तुम्ही मायेनं काढलात, मला दिसतंय. पर चिकटलेल्याला हात लावायचा न्हाई. गार पान्याची धार धरायची, लई येळ धरायची. आता घरी गेलात की सगळ्या गुऱ्हाळावाल्यांला सांगा. रडून काय व्हनार हाय?" आणि सासूबाईंनी खरंच सांगितलं. नदीकाठच्या गुऱ्हाळांवर काहिलीशेजारी गार पाण्याचं पिंप असावं म्हणून सासूबाई पुढं लोकांच्या दारात जाऊन भांडायच्या. अजून भांडतात.

रोजचं ड्रेसिंग म्हणजे रोजचं मरण होतं. कापडाची पट्टी जखमेला चिकटायची आणि सोडवताना जीव जायचा. डॉक्टरांनी केळीच्या पानाची पट्टी सुरू केली होती. पानं धुऊन, वाफेवर निर्जंतुक करून मग वापरायची. पानं निवडणं मात्र हिरासिस्टरचं काम. फाटकं नको, जून नको, फार कोवळंही नको. एकदा मला पाणी शिंपडून दाखवलं. पानावर थेंब उभे राहिले आणि घरंगळून गेले. "बघ, वरून मेणाचा हात फिरवलाय देवानं. पानी आत जात न्हाई, आतलं भाईर येत न्हाई. आन् मेन हाय म्हनून जखमंला चिकटत न्हाई. तुझी कातडी येईस्तवर ही उसनी घे केळीची."

"मग वर भात वाढा आणि बसा सगळे पंगतीला," मी म्हटलं.

"वरण तूच आन. गुळाचं," ती म्हणाली, आणि भाजल्यापासून मी त्या वॉर्डात पहिल्यांदा हसले. तशी ती काही गोड बाई नव्हती. खडूस म्हणाल तर खडूस. पेशंटच्या डब्यात काय आहे ते झाकण उघडून बघायची, आवडलं तर न विचारता खायची. ड्युटी संपली की दवाखान्याच्या मागच्या पायरीवर बसून मशेरी लावायची आणि डॉक्टर आले की पदराआड तोंड पुसून "दात दुखतोय" म्हणायची. खपली खाजवणाऱ्या पेशंटच्या हातावर सटकन चापटी मारायची. "ती खपली तुझी न्हाई. तिची येळ झाली की ती जाईल. तुझं काम गप बसायचं."

कातडी कधी येणार, हे मी रोज विचारायची. ती म्हणायची, "काठानं येती गं. तळं आटतं तसं काठाकाठानं." एक दिवस मी फार चिडचिड केली. कुणी पेशंटनं कांद्याची पिशवी आणून दिली होती, तिच्यातला एक कांदा तिनं माझ्या उशाशी ठेवला. वरचं लालसर टरफल नखानं खरवडत म्हणाली, "हे जितं हाय का? न्हाई. मेलंय. पर हे हाय म्हनून आतला कांदा चाळीत टिकतोय. टरफल निघालेला कांदा आमचं आप्पा चाळीत टाकत न्हाईत, आधी खाऊन टाकत्यात. झाडाची साल तशीच. आन् मानसाची बी वरची कातडी मेलेलीच असती. खालून नवी येती, वरची मरून राखन करती. आम्हाला ट्रेनिंगला हे शिकवलं तवा मला रातभर कसंतरीच झालं. म्हटलं, म्हंजी मी आईच्या अंगावरनं हात फिरवते तो मेलेल्यावरनंच?" नखातलं टरफल झटकून म्हणाली, "पर कळतंय की तिला. तेवढ्यातनं बी कळतंय."

दंडावरची जखम खोल होती, तिथं आपोआप कातडी येईना. मग पुण्याहून येणाऱ्या सर्जननी माझ्या मांडीवरचा पातळ पापुद्रा काढून दंडावर लावला. तो धरला. मांडीची जागाही भरून आली. मी घरी गेले, पण हिरासिस्टर सुटली नाही. हंगाम सुरू झाला की फोन यायचा: "अलके, काकवी झाली का?" आणि यष्टीनं स्वतः यायची, बांधावर बसून वाटीभर काकवी भाकरीबरोबर खायची, कामगारांचे हात-पाय तपासायची आणि जाताना बरणी भरून घ्यायची. मला मोठी बहीण नाही. ती जागा तिनं न विचारताच घेतली, पेशंटच्या डब्यातली भाजी घ्यावी तशी.

माझ्यानंतर दोनेक वर्षांनी दुसऱ्या एका गुऱ्हाळावरचा कामगार तिच्या वॉर्डात आला. शिवपूजन त्याचं नाव. पाय घसरून तो काहिलीत कमरेपर्यंत गेला होता. मी त्या दिवशी शिरूरला गेले होते म्हणून तिला भेटायला डोकावले. बाहेर उन्हानं डांबर वितळत होतं, आणि आत पंखा बंद, खिडक्या बंद, जखमांना लागू नये म्हणून अंगावर कमान करून घातलेली घोंगडी, तरी तो माणूस कुडकुडत होता. "सिस्टर, ठंड लग रही है. बहुत ठंड लग रही है." हिरासिस्टर घामानं निथळत त्याच्याजवळ उभी होती. मला बाहेर घेऊन आली आणि म्हणाली, "कातडी गेली की ऊब ऱ्हात न्हाई. दार नसलेल्या घरावानी होतंय मानसाचं."

त्याच्या अंगावर काढून लावण्यापुरती धड कातडी उरली नव्हती. मेलेल्या माणसानं दान केलेली कातडी अशा वेळी पांघरूण घालावं तशी लावतात. ती कायमची धरत नाही, काही दिवसांनी गळून जाते, पण तेवढ्यात माणूस तग धरतो, खालून स्वतःची यायला लागते. डॉक्टर पुण्याला फोनवर फोन करत होते. जिथं अशी कातडी साठवतात तिथं त्या आठवड्यात शिल्लकच नव्हती. देणारेच नाहीत, तर ते तरी कुठून आणणार? शिवपूजन गेला. मी पुन्हा गेले तेव्हा हिरासिस्टर मागच्या पायरीवर बसली होती. मशेरीची डबी उघडीच होती, बोट कोरडं होतं. "अलके, थोडे दिवस पांघरायला पायजे व्हती गं त्याला," ती म्हणाली. "थोडेच दिवस. आन् आपन रोज मसनात चांगली कातडी जाळतोय." ती रडली. तिला रडताना मी तेव्हाच बघितलं.

त्यानंतर तिनं ठरवलं की आपण मेल्यावर आपली कातडी द्यायची. डॉक्टरांना सांगितलं, मला सांगितलं, भाजीवालीलाही सांगितलं. मला तर तिनं हाताला धरून सांगितलं, "बाकी माझं काय मागं ऱ्हानार हाय? ना पोर ना बाळ. एवढं एक झालं पायजे. घरची नको म्हनली तर तू भांड. तुला भांडता येतंय." गोष्ट एवढी गंभीर, पण घरी सांगायची तिची तऱ्हा भलतीच. आई चुलीपुढं बसलेली असताना ही भाकरी खाता खाता म्हणाली, "आये, मी मेले की माझी साल काढून देऊन टाक." म्हातारीनं उलथनं फेकून मारलं. "मुडदा बशिवला तुझा! ह्ये काय बोलनं झालं?" ही हसत सुटली. मी तिथंच होते. म्हातारीच्या तोंडाकडं बघून मी म्हटलं, "सिस्टर, नीट समजावून सांगा की. त्या घाबरल्यात." तर म्हणते, "सांगीन गं. मरायला अजून लई टाइम हाय."

टाइम नव्हता. गेल्या वर्षी, थंडी सरता सरता, सकाळी ड्युटीवरून आली, आईसाठी चहा टाकला आणि ओट्यापाशीच बसली ती उठली नाही. हृदय बंद पडलं. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांनीच मला फोन केला. म्हणाले, "अलकाताई, लवकर या. घरचे ऐकायला तयार नाहीत आणि सहा तासांनंतर उपयोग नाही." माझ्या नवऱ्यानं गाडी कशी चालवली ते आठवत नाही. मी वाटभर तिच्यावर चिडत होते. बाई गं, एवढं सगळ्या गावाला सांगितलंस, घरात एकदा धड बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?

दारात माणसं जमली होती. किसनआप्पा कवठ्याहून आले होते, डोक्यावरची टोपी हातात घेऊन भिंतीला टेकून उभे. डॉक्टर त्यांच्यापुढं हात जोडत होते. कातडी काढून नेणारी पुण्याची टीम निघायला तयार होती, घरच्यांच्या होकाराशिवाय निघू शकत नव्हती. आप्पांचं एकच. "तिच्या सासरची मानसं आल्याबिगर अंगाला हात लावायचा न्हाई. आमच्यात तसंच हाय. उद्या ते म्हनतील, भावानं भैनीची कातडी इकली. काय तोंड दाखवू मी?"

माझं डोकं फिरलं. "आप्पा, ज्यांनी तिला कधी 'राहा' म्हटलं नाही, त्यांच्यासाठी खोळंबायचं? आणि तिनं जे मागितलंय त्याचं काय?"

"तुला बोलायला काय जातंय? तू परकी," ते म्हणाले, आणि लहान पोरासारखे रडायला लागले. मग मलाच कसंतरी झालं. मी म्हटलं, "बरं, फोन तर लावा. विचारा त्यांना." फोन लागला. दीर दौंडहून निघायच्याच तयारीत होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वैनींच्या आईला इचारा. त्या म्हनतील ते आमाला मान्य हाय." आप्पांनी फोन खिशात ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "आयला इचार. ती हो म्हनली तर माझं काय न्हाई."

म्हातारी आतल्या खोलीत लेकीचं पाऊल मांडीवर घेऊन बसली होती. डोळ्यांना कमी दिसतं तिला. मी आवाज दिला तशी म्हणाली, "अलके, तू बी त्येच सांगाया आलीस? मग माघारी जा. जत्रंत बोकड टांगून सोलत्यात, तशी माझी लेक सोलू देऊ? मी जिती असताना? जल्मली तवा पयल्यांदा मी तिला माझ्या लुगड्यात झाकली. आता झाकूनच धाडनार."

यावर भांडता येत नव्हतं. मी बायकांना बाहेर जायला सांगितलं, दार लोटलं, म्हातारीपुढं बसले आणि लुगडं मांडीपर्यंत वर केलं. नवऱ्याशिवाय कुणापुढं मी तो डाग उघडा केला नव्हता. म्हातारीचा हात धरून त्याच्यावर ठेवला. "आजी, माझी इथून काढली होती. हातावर लावायला. तुमच्या हिरानंच इथं पट्टी बांधली. बघा हात फिरवून." तिनं हात फिरवला. कडेनं फिरवला, मधून फिरवला, पुन्हा कडेनं फिरवला.

"एवढंच काढत्यात?"

"एवढंच. वरचा पापुद्रा. मांडीचा, पाठीचा. तोंडाला हात लावत नाहीत. नंतर पट्ट्या बांधून देतात."

"तुला दुखलं व्हतं?"

"लई दुखलं, आजी." तिच्याशी मला खोटं बोलवेना. "पण तिला नाही दुखणार आता."

बाहेर कुणीतरी आलं, कुणीतरी हंबरडा फोडला. मी घड्याळाकडं बघत नव्हते, पण ते मला ऐकू येत होतं. मग तिनं लेकीच्या पावलावरचा हात न काढता विचारलं, "तो एक भय्या मेला. थंडी वाजती, थंडी वाजती म्हनायचा. तवा ही घरी आली आन् जेवली न्हाई. माझ्या कुशीत येऊन झोपली, एवढी म्हातारी बाई. तसल्याच मानसाला देत्यात का?"

"तसल्याच. नाव सांगत नाहीत आपल्याला. पण तसल्याच माणसाला."

"मग बोलव त्यांना," ती म्हणाली. "पर मी दाराशी बसनार. हालनार न्हाई."

टीमची गाडी शिक्रापूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकली तेव्हा किसनआप्पाच दर पाच मिनिटांनी डॉक्टरांना विचारायला लागले, "कुठवर आली? येतील ना येळंत?" आले वेळेत. दोन डॉक्टर होते आणि एक मुलगी होती. दार बंद झालं आणि म्हातारी उंबऱ्याशी भिंतीला पाठ लावून बसली. सासरची माणसं आली, आप्पा त्यांना सामोरे गेले आणि टोपी घालून मोठ्यानं म्हणाले, "माझ्या भैनीची इच्छा हाय ती. चाललंय काम. थांबा वाईच." पाऊण तासात टीम बाहेर आली. मी आत जाऊन बघितलं. सिस्टर होती तशीच होती, झोपलेल्या माणसासारखी. मांड्यांना, पोटऱ्यांना आणि पाठीला पांढऱ्या स्वच्छ पट्ट्या होत्या. चांगल्या बांधल्या होत्या. तिनं नावं ठेवली नसती.

मग आंघोळ. मागच्या अंगणात लुगड्यांचा आडोसा केला, पाणी कोमट करून आणलं. दवाखान्यातल्या दोघी नर्सा, आप्पांची बायको आणि मी. म्हातारीला पाटावर आणून बसवलं, लेकीचं डोकं तिनं मांडीवर घेतलं. हातानं चाचपत तिनं खांद्यापाशी पट्टी कुठून सुरू होते ते बघितलं, कमरेपाशी बघितलं, पायापर्यंत पोचेल तिथवर बघितलं. आप्पांच्या बायकोनं पहिला तांब्या भरून उचलला, तशी म्हातारीनं हात आडवा धरला.

"पट्टीवर पानी वतू नगा गं. झोंबंल तिला."

आप्पांच्या बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी त्या दोघी नर्सांकडं बघितलं. तांब्या खाली ठेवला, पंचा कोमट पाण्यात बुडवून पिळला, आणि पट्ट्या कोरड्या ठेवून आम्ही तिला आंघोळ घातली.